झरी, जामणी आणि मधली मोकळी जागा

परवा रविवारी मोठ्या आईला फोन केला आणि जे झालं होतं ते एकदाचं सांगून टाकलं. पाच महिने टाळत होतो. ती काय म्हणाली ते शेवटी लिहितो, पण त्याआधी जरा लांबचा वळसा घ्यावा लागणार आहे. मुकुटबनहून पैठण, तिथून आयर्लंड, मग अमेरिकेतली बेल लॅब्ज आणि परत मुकुटबन. घरच्या मंडळींपैकी ज्यांना कॉम्प्युटरचं वावडं आहे त्यांनी घाबरू नये, कोडची एकही ओळ देणार नाही. विषय एवढाच आहे की दोन शब्दांच्या मधे आपण जी मोकळी जागा सोडतो ती कुठून आली, आणि ती चुकीच्या ठिकाणी वाचली गेली तर काय होतं.

ज्यांनी मुकुटबन पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं. यवतमाळ जिल्ह्याच्या पार आग्नेय कोपऱ्यात, वणीच्या खाली, पैनगंगेच्या अलीकडे आमचं गाव. नदी ओलांडली की तेलंगण, आदिलाबाद. त्यामुळे बाजारात मराठीच्या बरोबरीने तेलुगू, गोंडी आणि कोलामी कानावर पडते. जमिनीखाली चुनखडी आहे, म्हणून २०२२ साली इथे मोठा सिमेंट कारखाना सुरू झाला. निजामाने १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं, त्यानंतर आमचा जिल्हा बरीच वर्षं 'वून' म्हणजे वणीच्या नावाने ओळखला जायचा. १९०५ च्या फेररचनेनंतर यवतमाळ हे नाव आलं. आज आमचा तालुका झरी जामणी. दोन नावं शेजारी शेजारी बसवून केलेलं हे एक नाव. कुठे मधे जोडरेघ असते, कुठे मोकळी जागा, कुठे दोन्ही चिकटवून लिहितात. घरातल्या कागदांवरच मला तिन्ही प्रकार सापडले. माणसांना त्याने काही फरक पडत नाही. मला पडला.

तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा डोक्यात आलं की घरातले जुने कागद एकदा नीट फोटो काढून ठेवावेत. मुकुटबनच्या घरात तालुक्याच्या कचेरीचे कागद होते, शेताचे, फेरफाराचे. ते सगळे मी लॅपटॉपवर 'झरी जामणी' नावाच्या फोल्डरमधे टाकले. दुसऱ्या दिवशी झरीला मोठ्या आईकडे गेलो. तिने लोखंडी पेटीतून लाल कापडी बांधणीची एक वही काढून दिली. पणजोबांची कीर्द! सगळी मोडीत. तिची ६४ पानं अंगणात उन्हात ठेवून एकेक करून टिपली. हे दुसरं फोल्डर, नाव नुसतं 'झरी'. पुढच्या पावसाळ्यात मोठ्या आईच्या घराचे कवेलू सरकले, पेटीत पाणी गेलं आणि त्या वहीचा लगदा झाला. म्हणजे ६४ फोटो हीच आता वही.

मोडी मला येत नाही. पुण्यात मोडी वाचणारे एक काका ओळखीचे आहेत, त्यांना नमुना म्हणून ११ पानं पाठवली. त्यांचं पहिलंच वाक्य होतं, "अक्षर चांगलं आहे, पण शब्द तुम्हालाच तोडावे लागतील."

हे मला तेव्हा नीट कळलं नव्हतं. मोडी लिहिणारा आधी पानभर आडव्या रेघा मारून घेतो. देवनागरीत आपण शब्द झाला की त्याच्या डोक्यावर रेघ ओढतो, त्यामुळे रेघ तुटली की शब्द संपला हे डोळ्याला दिसतं. मोडीत रेघ आधीच या टोकापासून त्या टोकापर्यंत मारलेली, आणि अक्षरं तिला लटकवत जायचं, बोरू शक्यतो न उचलता. शब्द कुठे संपला, वाक्य कुठे संपलं, याची खूण नाही. ऱ्हस्व-दीर्घाचाही फारसा विधिनिषेध नाही. लिहिणाऱ्याची सोय बघून बनलेली लिपी आहे ती. परंपरा तिचं श्रेय तेराव्या शतकातल्या यादवांच्या हेमाडपंताला देते. ते खरं असो वा नसो, शिवकालापासून पेशवाईपर्यंत आणि पुढे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मराठी माणसाचा कारभार, हिशेब, पत्रं, गहाणखतं यांचा मोठा भाग याच लिपीत झाला. १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्था अजून मोडीचे वर्ग घेतात. संगणकाच्या युनिकोडमधे मोडी यायला मात्र जून २०१४ उजाडावं लागलं.

एका अक्षराने काय होतं याची गोष्ट आपल्याला शाळेपासून माहीत आहे. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि 'ध'चा 'मा' झाल्याची आख्यायिका मागे राहिली. पण एकही अक्षर न बदलता, नुसते शब्द वेगळ्या जागी तोडून काय होतं याची गोष्ट त्याहून जुनी आहे, आणि तीही आपल्याच मातीतली. सोमदेवाच्या कथासरित्सागरात ती येते. पैठणचा सातवाहन राजा राण्यांबरोबर जलक्रीडा करत असतो. एक राणी दमते आणि संस्कृतात म्हणते की मला आता पाण्याने मारू नका. 'मा उदकैः', म्हणजे पाण्याने नको. पण संधी होऊन ते 'मोदकैः' असं ऐकू येतं. राजाला संधी फोडता येत नाही. तो लगेच मोदक मागवतो! राणी हसते, राजाला मेल्याहून मेल्यासारखं होतं, आणि तो व्याकरण शिकायचा हट्ट धरतो. गुणाढ्य म्हणतो सहा वर्षं लागतील, शर्ववर्मा म्हणतो मी सहा महिन्यांत शिकवतो. शर्ववर्मा जिंकतो, त्यातून कातंत्र व्याकरण जन्माला येतं, आणि पैजेत हरलेला गुणाढ्य संस्कृत, प्राकृत आणि देशी भाषा सोडून जंगलात जातो आणि पैशाचीत बृहत्कथा लिहितो. आता हे सगळं कथेतलं आहे, इतिहास म्हणून घेऊ नका. पण एक शब्द की दोन, हा घोळ किती जुना आहे ते यावरून कळतं. राजाने दोन शब्दांचा एक केला. माझ्या प्रोग्रॅमने एका नावाचे दोन केले. रोग एकच.

युरोपातही सुरुवातीला हीच तऱ्हा होती. जुन्या ग्रीक आणि लॅटिन पोथ्यांमधे अक्षरं सलग लिहिलेली असत. वाचणारा मोठ्याने वाचायचा, आणि ती भाषा रोजची असल्याने कानाला शब्द आपोआप कळायचे. सातव्या-आठव्या शतकात आयर्लंडच्या मठांतल्या भिक्षूंनी लॅटिन शब्दांच्या मधे जागा सोडायला सुरुवात केली. कारण साधं होतं. लॅटिन ही त्यांची मातृभाषा नव्हती. कानाला आधार नव्हता, म्हणून डोळ्याला आधार लागला. पॉल सेंगर नावाच्या अभ्यासकाने १९९७ साली या एका मोकळ्या जागेवर अख्खं पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं असं की मनातल्या मनात, ओठ न हलवता वाचायची सवय पसरली ती या जागेमुळे.

आपल्याकडे छापखाना आला आणि मोडीच्या जागी हळूहळू बाळबोध म्हणजे देवनागरी छापील पुस्तकांत बसली. स्वल्पविराम, पूर्णविराम, अवतरणचिन्हं ही सगळी इंग्रजी पाहुणे मंडळी. मराठीत ती रुजवण्याचं श्रेय एकोणिसाव्या शतकातल्या मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं. त्यांतलं अवतरणचिन्ह लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता बेल लॅब्ज. १९७१ साली युनिक्सची पहिली आवृत्ती निघाली तेव्हा केन थॉम्पसनने तिच्यासाठी एक शेल लिहिला होता. 'शेल' हा शब्द त्याच्याही आधीचा, लुई पुझाँ नावाच्या फ्रेंच माणसाने १९६५ च्या सुमारास मल्टिक्स या प्रकल्पात काढलेला. शेल म्हणजे तुम्ही टाइप केलेली ओळ वाचणारा आणि त्याप्रमाणे काम करवून घेणारा प्रोग्रॅम. मुनीमच म्हणा ना. तुम्ही एक ओळ देता, तो ती मोकळ्या जागांवर तोडतो. पहिला तुकडा म्हणजे कोणतं काम करायचं ते, आणि बाकीचे तुकडे म्हणजे त्या कामाला लागणाऱ्या वस्तू. या वस्तूंना आर्ग्युमेंट म्हणतात (कोर्टातल्या आर्ग्युमेंटशी याचा संबंध नाही).

त्या काळात लोक टेलिटाइपच्या जाडजूड कळा बडवत काम करायचे, म्हणून बऱ्याचशा आज्ञा दोन-तीन अक्षरी ठेवल्या आणि तुकडे पाडायला हाताशी सगळ्यात सोपी असलेली कळ वापरली, स्पेसबार. फाइलींची नावंही तेव्हा आखूड असायची. नावात मोकळी जागा चालत नव्हती असं मात्र नाही. युनिक्समधे फाइलच्या नावात तिरकी रेघ आणि शून्य बाइट हे दोन सोडून काहीही चालतं. म्हणजे एकाच घरात दोन नियम. फाइलींचा कारभार पाहणारा म्हणतो, जागा हे एक साधं अक्षर आहे. शेल म्हणतो, जागा म्हणजे शब्द संपला.

याची एक घरगुती गंमत सांगतो. लहानपणी आई किराण्याची यादी द्यायची, त्यात लिहिलेलं असायचं 'खोबरं तेल'. एकदा मी दुकानातून सुकं खोबरं आणलं आणि वेगळं गोडंतेल आणलं. आईने यादी बरोबर लिहिली होती, मी वाचलीही बरोबर. फक्त मधल्या जागेचा अर्थ तिच्या मनात एक होता आणि माझ्या मनात दुसरा. शेल म्हणजे पिशवी घेऊन निघालेला तो आठ वर्षांचा मी.

१९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत स्टीव्ह बोर्नचा नवा शेल आला. आज आपण स्क्रिप्ट म्हणून जे लिहितो त्याचा साचा बव्हंशी त्याचाच. त्यानंतरचा १९८९ चा बॅशही त्याच वळणाचा. या शेलमधे तुकडे पाडण्याचं काम दोनदा होतं हे नवख्याला माहीत नसतं. एकदा ओळ वाचताना. आणि पुन्हा एकदा, स्क्रिप्टच्या आत जेव्हा एखाद्या नावाच्या जागी त्याची किंमत ठेवली जाते तेव्हा. समजा स्क्रिप्टला पहिली वस्तू म्हणून 'झरी जामणी' अगदी व्यवस्थित, एकसंध मिळाली. आत तिला 'डॉलर एक' म्हणतात. पण आत ती अवतरणचिन्हाविना वापरली, तर शेल ती पुन्हा तोडतो! एक गाठोडं दारातून सुखरूप आत आलं आणि माजघरात सुटलं. त्यावर उपाय म्हणजे मेजर कँडींचे पाहुणे. डॉलर एकच्या दोन्ही बाजूंना दुहेरी अवतरणचिन्हं घाला, मग शेल आत हात घालत नाही. सगळ्या वस्तू जशाच्या तशा पुढे पाठवायच्या असतील तर अवतरणातला 'डॉलर ॲट' वापरायचा, 'डॉलर तारका' नाही. डॉलर तारका अवतरणात घातली तर सगळ्यांचा एकच गठ्ठा करते, आणि अवतरणाबाहेर ठेवली तर सगळंच विस्कटते. १९९० चा झी-शेल मात्र शहाणा निघाला, तो मुळात आत तोडतच नाही. २०१९ पासून मॅकवर टर्मिनल उघडलं की तोच समोर येतो. पण जुन्या स्क्रिप्टी आपल्या जुन्याच शेलने चालतात.

आता पायथॉन. गिडो व्हान रॉसमने १९८९ च्या नाताळात सुरू केलेली आणि १९९१ मधे लोकांसमोर आणलेली ही भाषा. तिच्यातून दुसरा प्रोग्रॅम चालवायचा जुना रस्ता म्हणजे ओएस डॉट सिस्टिम. तिला एक लांब ओळ द्यायची, ती शेलकडे जाते, शेल ती तोडतो. पुढे पीटर ऑस्ट्रँडच्या प्रस्तावातून २००४ च्या पायथॉन २.४ मधे सबप्रोसेस हे मॉड्यूल आलं. त्यात ओळीऐवजी यादी देता येते. पहिला घटक स्क्रिप्टचं नाव, दुसरा घटक फोल्डरचं नाव, तिसरा आणखी काही. अशी यादी दिली की मधे शेल येतच नाही. युनिक्सचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो मुळात ओळ ओळखतच नाही. त्याला सुटी सुटी गाठोडी लागतात, आणि गाठोड्यात मोकळी जागा असली काय, नवी ओळ असली काय, त्याला त्याचं काही नाही. म्हणजे मोकळ्या जागेचा सगळा घोळ शेलच्या उंबऱ्यावरचा आहे. शेल टाळला तर घोळ टळतो. 'शेल इक्वल्स ट्रू' असं लिहून शेलला मुद्दाम बोलावलं तर घोळ परत. आणि शेलला बोलावणं अगदीच भाग असेल तर २०१२ च्या पायथॉन ३.३ पासून श्लेक्स मॉड्यूलमधे कोट नावाचं एक साधन आहे, ते नावाला नीट अवतरणात गुंडाळून देतं.

दूरच्या मशीनवर एसएसएचने काम पाठवताना आणखी एक मेख. इथे तुम्ही यादी दिलीत तरी एसएसएच ती मोकळ्या जागा घालून पुन्हा एका ओळीत शिवतो, आणि पलीकडचा शेल ती पुन्हा उसवतो. तिथे यादीवर विसंबून चालत नाही, पलीकडच्या शेलसाठी वेगळं गुंडाळावं लागतं.

हे सगळं मला माहीत होतं बरं का! पोटापाण्याचा धंदाच आहे. तरी झालं ते असं.

पाच महिन्यांपूर्वी एका रात्री लॅपटॉपवरची जागा मोकळी करायला बसलो. घरच्या कागदांची जी फोल्डरं नावं-बिवं देऊन पूर्ण झाली होती त्यांची नावं एका यादीत होती. पायथॉनचा छोटा प्रोग्रॅम लिहिला. यादीतलं प्रत्येक फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवायचं, ताडून पाहायचं, आणि मग लॅपटॉपवरचं काढून टाकायचं. उतरवणं आणि ताडणं पायथॉननेच केलं, अगदी बिनचूक. काढून टाकण्यासाठी मात्र माझी एक जुनी शेल स्क्रिप्ट होती, वर्षानुवर्षं वापरातली, काय काढलं त्याची नोंदही ठेवणारी. म्हटलं तीच वापरू. आणि घाईत ओएस डॉट सिस्टिमने बोलावली. स्क्रिप्टचं नाव, एक मोकळी जागा, फोल्डरचं नाव. झालं.

'झरी' हे फोल्डर त्या यादीत नव्हतं, कारण पणजोबांच्या वहीच्या पानांना अजून नावं द्यायची होती. 'झरी जामणी' होतं. शेलने ओळ वाचली, मोकळ्या जागेवर तोडली, आणि स्क्रिप्टच्या हाती दोन वस्तू दिल्या: 'झरी' आणि 'जामणी'. स्क्रिप्ट बिचारी एकच वस्तू घ्यायला शिकलेली. तिने पहिली घेतली आणि 'झरी' काढून टाकलं. काढून टाकणाऱ्या आज्ञेला मी विचारायचं नाही असं सांगून ठेवलं होतं, त्यामुळे तिने विचारलं नाही. जे जायला हवं होतं ते तसंच राहिलं आणि जे राहायला हवं होतं ते गेलं. 'झरी जामणी' अजून लॅपटॉपवर कसं, म्हणून पाहायला गेलो तेव्हा लक्षात आलं. फाइली परत मिळवायची साधनं दोन रात्री चालवून पाहिली. आजकालच्या डिस्का पुसलेलं खरोखरच पुसतात, हाती काही लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी शांतपणे पाहिलं तर आणखी एक गोष्ट कळली. मी पायथॉनमधे यादी दिली असती तरी वाचलो नसतो. स्क्रिप्टच्या आत डॉलर एकला अवतरणचिन्हं नव्हतीच! नाव दारातून एकसंध आत गेलं असतं आणि आत तुटून 'झरी'वरच घाव पडला असता. दोन दारं होती आणि दोन्ही उघडी. इतकी वर्षं काही बिघडलं नाही कारण माझ्या फोल्डरांच्या नावात जागा नसायची. धंद्यातली माणसं अशी नावं देतच नाहीत. तालुक्याच्या नावाला ते कुणी सांगितलं नव्हतं.

स्वतःचं समाधान करायला मग इतरांच्या चुका शोधत बसलो. :) २००१ च्या नोव्हेंबरमधे ॲपलच्या आयट्यून्स २.० च्या इन्स्टॉलरमधे अशीच उणीव निघाली. डिस्कच्या नावात मोकळी जागा असेल तर जुनी आवृत्ती काढण्याऐवजी भलतंच पुसलं जायचं, काही लोकांचा अख्खा डेटा गेला. ॲपलने ती आवृत्ती मागे घेऊन लगेच दुसरी काढली. २०११ मधे लिनक्सवरच्या बंबलबी नावाच्या प्रकल्पात उलटा प्रकार झाला. इन्स्टॉलरच्या एका ओळीत 'यूएसआर'नंतर चुकून एक मोकळी जागा पडली, आणि आतलं एक लहानसं फोल्डर पुसण्याऐवजी अख्खं यूएसआर, म्हणजे बहुतेक सगळी प्रणालीच, पुसली जाऊ लागली. एकीकडे जागा ओळखता आली नाही म्हणून, दुसरीकडे नको तिथे जागा पडली म्हणून. वाचून बरं वाटलं, पण वही काही परत आली नाही.

आता ती वही इतकी का महत्त्वाची ते सांगतो. नातेवाईक वाचतायत, त्यांना माहीतच आहे, पण इतरांसाठी.

आमच्या पणजोबांचे धाकटे भाऊ कामासाठी नदीपलीकडे आदिलाबादला गेले आणि तिकडचेच झाले. मुकुटबनचं शेत एकदा सावकाराकडे अडकलं होतं आणि नंतर सुटलं. कसं सुटलं याच्या दोन गोष्टी आहेत. आमच्या घरात सांगतात की पणजोबांनी स्वतः हाडं झिजवून सोडवलं. आदिलाबादकडचे सांगतात की आमच्या आजोबांच्या पैशाने सुटलं आणि तुम्ही नाव घेतलं नाही. यावरून दोन पिढ्या बोलणं जेमतेम. लग्नाला पत्रिका येते, माणूस येत नाही.

पुण्याच्या काकांना पाठवलेल्या ११ पानांत एक ओळ निघाली. त्यांनी ती जशी आहे तशी देवनागरीत उतरवून दिली: 'धाकटेयाजकडूनआलेरुपयेदोनशेतीस'. खाली त्यांनी लिहिलं होतं, ही दोन प्रकारे वाचता येते. 'धाकटे याजकडून आले रुपये दोनशे तीस'. किंवा 'धाकटे याजकडून आले रुपये दोन, शेतीस'. शब्द तेच, अक्षरं तीच. एका वाचनात धाकट्या भावाने दोनशे तीस रुपये पाठवून शेत सोडवलं. दुसऱ्या वाचनात त्याने शेतीसाठी दोन रुपये पाठवले. एरवी कीर्दीत बाजूला आकड्यात रक्कम असते, पण त्या पानाची कड नेमकी खाल्लेली होती. काका म्हणाले, "पुढची पानं पाठवा, बेरीज पाहिली की लगेच सांगतो." मी म्हटलं, पाठवतो. पाठवायची राहिली. पुढचं पान 'झरी'मधे होतं.

तर परवा मोठ्या आईला फोन केला. आधी फोटो गेल्याचं सांगितलं. वही पावसाने नेली तेव्हा "फोटो आहेत ना, काळजी नको" असं मीच तिला म्हणालो होतो, त्यामुळे ते सांगताना तोंड कोरडं पडलं. मग ती ओळ सांगितली, दोन्ही प्रकारे वाचून. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पाच महिने कायले लपवलं रे? मी त रोज वाट पाहून राहिली होती, का बाबू आज सांगन, उद्या सांगन."

मी म्हटलं, आता दोन की दोनशे तीस ते कधीच कळणार नाही.

"न कळू दे," ती म्हणाली. "दोन असो का दोनशे तीस, त्यानं पाठवले त होते ना? आपल्या घरात त ते बी कोनी सांगितलं नाही कधी. तू त्याईले फोन कर, आन दोन्ही वाचून दाखव."

मला हे सुचलं नव्हतं. मी पाच महिने बेरीज शोधत होतो. पण ओळ कुठेही तोडा, तिचा पहिला अर्धा भाग बदलत नाही: धाकटे याजकडून आले. आमच्या घरच्या गोष्टीत एवढंसुद्धा नव्हतं.

सोमवारी आदिलाबादला फोन केला. पलीकडे माझ्याच वयाचा भाऊ होता, मराठी आणि तेलुगू मिसळून बोलणारा. सुरुवातीला सावध होता. मी ओळ वाचली, दोनदा. तो हसला आणि म्हणाला की आमच्याकडेही एका डब्यात मोडीतली काही पत्रं आहेत, कुणाला वाचता येत नाहीत म्हणून कुणी उघडली नाहीत. दिवाळीत ये, बघू.

जाणार आहे. पत्रांत पुढच्या पानाची बेरीज असेलच असं नाही, नसण्याचीच शक्यता जास्त. पण या वेळी फोटोंच्या तीन प्रती करणार, त्यातली एक त्यांच्याकडेच ठेवणार, आणि स्क्रिप्टमधल्या प्रत्येक डॉलरला अवतरणचिन्हं घालून झाली आहेत. फोल्डरचं नावही ठरलंय: 'मुकुटबन आणि आदिलाबाद'. दोन मोकळ्या जागांसकट. मुद्दाम.